इंग्रजीतल्या 'खूप'चे नखरे

"द बॉक्स इज व्हेरी हेवी" आणि "द बॉक्स इज टू हेवी". घाईत मराठी केलं तर दोन्ही वाक्यांचं "खोका खूप जड आहे" असंच होतं. पण पहिलं वाक्य ऐकणारा बाह्या सरसावून खोक्याला हात घालतो, तर दुसरं ऐकणारा मदतीला कुणी आहे का ते बघतो, नाहीतर खोका आहे तिथेच ठेवतो. वजन दोन्हीकडे तेवढंच आहे. पहिल्या वाक्यात बोलणाऱ्यानं नुसतं वजन सांगितलं. दुसऱ्यात त्यानं मनाशी एक मर्यादा धरली आणि वजन त्या मर्यादेपलीकडे गेलंय असं सांगितलं.

विशेषणाला जोर देणारे असे शब्द इंग्रजीत ढिगानं आहेत: व्हेरी, सो, टू, सच, क्वाइट, रादर, प्रिटी, फेअरली, रिअली, ॲब्सोल्यूटली, अटरली. पुस्तकांत ते बहुतेक वेळा एका शिडीवर मांडलेले असतात. सगळ्यात खाली फेअरली, मग क्वाइट, त्यावर रादर आणि प्रिटी, मग व्हेरी, वरच्या टोकाला एक्स्ट्रीमली. शिडी पाठ करायला सोपी आहे आणि अगदीच चुकीचीही नाही. पण तिच्या भरवशावर बोलायला गेलं की पाय घसरतो, कारण हे शब्द फक्त "किती" एवढंच सांगत नाहीत. "कशाच्या मानानं" हेही सांगतात, आणि खरी गंमत तिथेच आहे. कुणी मर्यादेशी तुलना करतो, कुणी अपेक्षेशी, कुणी परिणामाकडे बोट दाखवतो, तर कुणी बोलणाऱ्याचा सूर उघडा पाडतो.

'टू'च्या पोटात लपलेला नकार

'टू'पासूनच सुरुवात करू (क्रियापदाआधी येणारा 'टू' वेगळा), कारण आपल्याकडून सगळ्यात जास्त गैरवापर त्याचाच होतो. "शी सिंग्ज टू गुड", "द मूव्ही वॉज टू इंटरेस्टिंग" अशी कौतुकाची वाक्यं सर्रास ऐकू येतात. बोलणाऱ्याच्या मनात "भारी" असतं. पण ज्याची इंग्रजी आपल्या वळणाची नाही, तो पुढच्या वाक्याची वाट बघत बसतो. टू इंटरेस्टिंग? म्हणजे इतका रंजक की काय झालं? झोप उडाली? काम राहिलं?

व्याकरणाच्या पुस्तकात 'टू' काढून वाक्य पुन्हा लिहायला सांगतात आणि आपण 'सो... दॅट... नॉट' अशी रचना करतो. त्या सरावात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे, पण ती कुणी फारशी उलगडून सांगत नाही. उत्तरात 'नॉट' येतो कुठून? मूळ वाक्यात तर नकार दिसत नाही. तो 'टू'च्या पोटात असतो. "ही इज टू टायर्ड टू ड्राइव्ह" म्हणजे तो इतका थकलाय की गाडी चालवू शकत नाही. पुढचं क्रियापद बोलून दाखवलं नाही तरी नकार जात नाही. नुसतं "इट्स टू लेट" म्हटलं तरी काहीतरी आता होणार नाही, हे ऐकणाऱ्याला कळतं.

'टू'चा जोर वाढवायचा तर त्याच्या आधी 'व्हेरी' चालत नाही. तिथे 'मच' किंवा 'फार' (इंग्रजीतला, मराठीतला नव्हे) लागतो: "मच टू स्मॉल", "फार टू स्मॉल". कमी करायचा तर "अ बिट टू स्मॉल". याला अपवाद म्हणून दोन-तीन ठरीव प्रयोग आहेत. "आय ॲम ओन्ली टू हॅपी टू हेल्प" यात तक्रार नसते, उलट मोठा आनंद असतो. आणि "नॉट टू बॅड" म्हणजे "ठीक आहे, चाललंय". नकारासोबत आलेला 'टू' मर्यादा विसरतो आणि 'व्हेरी'सारखा सौम्य होतो.

'सो' म्हटलं की पुढे काहीतरी हवं

"इट वॉज व्हेरी कोल्ड" हे वाक्य स्वतःच्या पायावर उभं आहे. माहिती दिली, विषय संपला. "इट वॉज सो कोल्ड" म्हटलं की ऐकणाऱ्याचे कान टवकारतात. इतकी थंडी, की? 'सो'ला परिणाम हवा असतो: "सो कोल्ड दॅट द पाइप्स फ्रोझ". परिणाम सांगितला नाही, तर ती जागा भावना भरून काढते. मित्राशी बोलताना "आय ॲम सो टायर्ड" छान वाटतं, कारण त्यात "तुला काय सांगू" असा सूर आहे. तेच अहवालात "द रिझल्ट्स आर सो गुड" असं लिहिलं की लिहिणारा भावनेच्या भरात वाहवला असं वाटतं. तिथे 'व्हेरी' बरा.

आणखी एक बारीक गोष्ट. समोरच्यालाही आधीच ठाऊक असलेल्या गोष्टीबद्दल बोलताना 'सो' सहज येतो. दोघं एकत्र उंच इमारतीसमोर उभे आहेत आणि एक म्हणतो, "इट्स सो टॉल!" उंची समोर दिसतेच आहे, त्यामुळे तो माहिती देत नाही, आपलं आश्चर्य वाटून घेतो. इमारत कधीच न पाहिलेल्या माणसाला फोनवर सांगायचं तर "इट्स व्हेरी टॉल" अशी सुरुवात जास्त नैसर्गिक वाटते.

'सच' हा 'सो'चा जोडीदार. दोघांची कामं वाटलेली आहेत. नुसतं विशेषण असेल तर 'सो', विशेषणामागे नाम असेल तर 'सच': "द गार्डन इज सो ब्युटिफुल", पण "सच अ ब्युटिफुल गार्डन". 'अ सो ब्युटिफुल गार्डन' हे कुठल्याच इंग्रजीत बसत नाही. नामासकट 'सो' वापरायचाच असेल तर शब्दांचा क्रम उलटा करावा लागतो, "सो ब्युटिफुल अ गार्डन". हा थाट आता भाषणात किंवा जुन्या वळणाच्या लेखनात दिसतो. मात्र 'मच' आणि 'मेनी' यांच्याबरोबर नाम असलं तरी 'सो'च येतो: "सो मच नॉइज", "सो मेनी पीपल". 'सच मेनी पीपल' म्हणता येत नाही. 'टू'ही याच उलट्या क्रमानं चालतो. "टू बिग अ प्रॉब्लेम" बरोबर, 'अ टू बिग प्रॉब्लेम' चूक.

काही विशेषणांना 'व्हेरी' का खपत नाही

कोल्ड आणि फ्रीझिंग. टायर्ड आणि एक्झॉस्टेड. बिग आणि एनॉर्मस. प्रत्येक जोडीतलं पहिलं विशेषण कमीजास्त होणारं आहे. थंडी थोडी असते, बरीच असते, खूप असते, म्हणून "व्हेरी कोल्ड". दुसऱ्या विशेषणात 'व्हेरी' आधीच मुरलेला आहे. फ्रीझिंग म्हणजेच फार थंड. त्याला पुन्हा 'व्हेरी' लावणं म्हणजे भरलेल्या पेल्यात आणखी पाणी ओतणं. अशा टोकाच्या विशेषणांना 'ॲब्सोल्यूटली' लागतो: "ॲब्सोल्यूटली फ्रीझिंग", "ॲब्सोल्यूटली एक्झॉस्टेड". आणि उलटही तितकंच खरं. 'ॲब्सोल्यूटली कोल्ड' म्हटलं की कानाला खटकतं, कारण थंडीला जे टोक नाही ते गाठल्याचा दावा त्यात आहे.

तिसरा गट "आहे किंवा नाही" अशा विशेषणांचा: डेड, इम्पॉसिबल, आयडेंटिकल. इथे पायऱ्या नाहीतच. दोन गोष्टी हुबेहूब सारख्या असतात किंवा नसतात. म्हणून "कम्प्लीटली आयडेंटिकल", "ॲब्सोल्यूटली इम्पॉसिबल", किंवा टोकाच्या अलीकडे थांबायचं तर "ऑलमोस्ट आयडेंटिकल". 'युनिक' याच गटातला, आणि "व्हेरी युनिक" यावरून इंग्रजीत दोन तट पडलेले आहेत. एकमेव म्हणजे एकमेव, त्यात 'खूप' कसलं, असा शुद्धतावाद्यांचा सवाल. पण बोलणाऱ्यांनी 'युनिक'चा अर्थच "वेगळा, असाधारण" असा सैल करून टाकलाय, आणि त्या अर्थानं 'व्हेरी' बसतो. बोलताना मी कुणाला टोकणार नाही. लिहिताना मात्र टाळलेलं बरं, कारण ज्याला ते खटकतं त्याला फारच खटकतं.

या सगळ्यात 'रिअली' मोठा सोयीचा. तो कुठेही बसतो: "रिअली कोल्ड"ही चालतं आणि "रिअली फ्रीझिंग"ही. क्रियापदालाही जोडता येतो. 'आय व्हेरी लाइक इट' होत नाही, "आय रिअली लाइक इट" होतं. 'व्हेरी'ला क्रियापदाजवळ जायचं तर सोबत 'मच' घ्यावा लागतो, "आय लाइक इट व्हेरी मच". 'ॲब्सोल्यूटली'ला मात्र क्रियापदही टोकाचंच लागतं. "आय ॲब्सोल्यूटली लव्ह इट" छान, 'ॲब्सोल्यूटली लाइक' विचित्र.

'क्वाइट': एक शब्द, दोन चेहरे

खरं डोकं खातो तो 'क्वाइट'. हा शब्द 'क्विट'च्या कुळातला, म्हणजे मोकळा, सुटलेला, हिशेब पुरा झालेला. त्यामुळे त्याचा जुना अर्थ "पूर्णपणे". "बऱ्यापैकी" हा अर्थ त्याला खूप नंतर चिकटला, पण जुना अर्थ गेला नाही. आज दोन्ही एकाच घरात नांदतात, आणि कोणता बाहेर येणार हे शेजारचं विशेषण ठरवतं.

विशेषण कमीजास्त होणारं असेल तर 'क्वाइट' म्हणजे "बऱ्यापैकी": "क्वाइट वॉर्म", "क्वाइट यूजफुल". विशेषण टोकाचं किंवा "आहे-नाही" जातीचं असेल तर "अगदी, पूर्णपणे": "क्वाइट इम्पॉसिबल" म्हणजे अगदी अशक्य, बऱ्यापैकी अशक्य नव्हे. "यू आर क्वाइट राइट" म्हणजे अगदी बरोबर. "क्वाइट डिफरंट" म्हणजे बहुतेक वेळा साफ वेगळं. क्रियापदांतही हाच खेळ चालतो. "आय क्वाइट अग्री" म्हणजे पूर्ण सहमत, तर "आय क्वाइट लाइक इट" म्हणजे आवडलं, पण डोक्यावर घेऊन नाचण्याइतकं नाही.

इथवर ठीक. पुढची अडचण समुद्रापलीकडची. कमीजास्त होणाऱ्या विशेषणाआधीचा 'क्वाइट' ब्रिटिश माणसाच्या तोंडी जोर कमी करतो, अमेरिकन माणसाच्या तोंडी बहुधा वाढवतो. समजा एका ब्रिटिश संपादकानं अमेरिकन लेखकाला कळवलं, "युअर ड्राफ्ट इज क्वाइट गुड". संपादकाच्या मनात आहे, "ठीक आहे, अजून काम लागेल". लेखकाला ऐकू येतं, "मसुदा चांगलाच जमलाय". तो खुशीत बसतो आणि दुसरा खर्डा करायची तसदी घेत नाही. दोघांचंही इंग्रजी निर्दोष आहे, तरी निरोप पोचला नाही. ज्याची इंग्रजी कुठल्या वळणाची हे माहीत नाही, त्याला लिहिताना कौतुकासाठी 'क्वाइट गुड' वापरूच नये असं माझं मत आहे. 'व्हेरी गुड' किंवा 'फेअरली गुड' लिहावं, म्हणजे काय ते उघड होतं.

बोलण्यात आवाजाचा आघातही अर्थ फिरवतो. ब्रिटिश बोलण्यात आघात 'गुड'वर पडला तर ते कौतुकाच्या बाजूला झुकतं. आघात 'क्वाइट'वर पडला आणि शेवटी आवाज थोडा वर रेंगाळला, तर पुढे न बोललेला एक "पण" लटकत असतो. कागदावर हा आघात दिसत नाही, म्हणून ईमेलमधला 'क्वाइट' समोरासमोरच्या 'क्वाइट'पेक्षा जास्त घोटाळे करतो.

'क्वाइट'च्या काही ठरीव जोड्या तर शब्दशः अर्थ लावायला गेलं तर चकवतातच. "अ फ्यू" म्हणजे थोडे, मग "क्वाइट अ फ्यू" म्हणजे बऱ्यापैकी थोडे? नाही, चांगले बरेच. "क्वाइट अ क्राउड" म्हणजे भलतीच गर्दी. आणि "नॉट क्वाइट" म्हणजे जवळजवळ झालंय, थोडक्यासाठी राहिलं: "आय ॲम नॉट क्वाइट रेडी" म्हणणारा माणूस दोन मिनिटांत दारात येईल अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

'रादर' आणि 'फेअरली': भुवया कुठे वर जातात

"द रूम इज फेअरली वॉर्म" आणि "द रूम इज रादर वॉर्म". तापमान दोन्हीकडे सारखंच धरू. पहिलं ऐकून कुणी जागचं हलणार नाही, खोली ऊबदार आहे, बरं आहे. दुसरं ऐकून खिडकीजवळ बसलेला माणूस खिडकी उघडतो. 'फेअरली' सोयीच्या बाजूनं मोजतो आणि 'रादर' हव्या त्यापेक्षा सरकलेल्या बाजूनं. म्हणून "फेअरली ईझी टेस्ट" म्हणजे सोपी, झेपण्यासारखी परीक्षा. "रादर ईझी टेस्ट" म्हणजे जरा जास्तच सोपी, हिनं कुणाची काय पारख होणार!

पण 'रादर' नेहमी कुरकुरतोच असं नाही. चांगल्या विशेषणाआधी आला की त्यात आश्चर्य येतं. "द स्पीच वॉज रादर गुड" म्हणणाऱ्यानं भाषणाकडून फारशी अपेक्षा ठेवलेली नव्हती. "आय रादर लाइक हिम" यात एक कबुली आहे: मला वाटलं नव्हतं, पण आवडला बुवा. दोन्ही प्रकारांत मोजमाप अपेक्षेच्या मानानं चाललंय. अपेक्षेपेक्षा गोष्ट एका बाजूला सरकली, आणि ती बाजू चांगली की वाईट ते विशेषण सांगतं. हा शब्द ब्रिटिश बोलण्यात जास्त रुळलेला. अमेरिकन कानांना तो जरा ठेवणीतला वाटतो.

'रादर' तुलनेच्या रूपाआधी आणि 'टू'आधीही बसतो, "रादर बेटर", "रादर टू लाउड". 'फेअरली' आणि 'प्रिटी' यांना तिथे मज्जाव आहे.

'प्रिटी'बद्दल फार सांगण्यासारखं नाही. तो 'क्वाइट'चा घरगुती भाऊ, जोर किंचित जास्त, आणि औपचारिक पत्रात न शोभणारा. "प्रिटी मच" म्हणजे "जवळजवळ, बहुतेक". जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ "धूर्त, कावेबाज" असा होता. "देखणा" हा अर्थ नंतर आला आणि जोर देण्याचं काम त्याच्याही नंतर.

'अ बिट'ची खोड मात्र सांगायलाच हवी. त्याला नावडतं सांगणाऱ्या विशेषणांची संगत आवडते: "अ बिट बोअरिंग", "अ बिट नॉइझी", "अ बिट लेट". 'अ बिट इंटरेस्टिंग' कुणी सहसा म्हणत नाही. तुलनेत मात्र हा नियम सुटतो, "अ बिट बेटर" अगदी चालतं.

'व्हेरी'ची हद्द

'व्हेरी बेटर' का चुकतं? कारण 'बेटर'मध्ये तुलना आली, आणि तुलनेत मोजायचं असतं ते दोन गोष्टींमधलं अंतर. अंतर सांगायला 'मच', 'फार', 'अ लॉट' हे शब्द आहेत: "मच बेटर", "फार मोअर डिफिकल्ट". 'व्हेरी' गुण मोजतो, अंतर मोजत नाही. 'व्हेरी मच बेटर' मात्र चालतं, कारण तिथे 'व्हेरी' आपला 'मच'ला चिकटलेला आहे, 'बेटर'ला नाही.

मग "द व्हेरी बेस्ट" कसं चालतं? हा 'व्हेरी' वेगळा. तो "खूप" म्हणत नाही, "नेमका, खराखुरा" म्हणतो, जसा "द व्हेरी मॅन आय वॉन्टेड टू सी" यात. "द व्हेरी फर्स्ट डे", "ॲट द व्हेरी एंड" यांतही तोच. खरं तर हाच त्याचा मूळ अर्थ. लॅटिनमधल्या 'खरा' या अर्थाच्या 'व्हेरुस'पासून फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा तो साधं विशेषण होता.

भूतकाळी धातुसाधितांपाशीही, म्हणजे क्रियापदापासून बनलेल्या 'टायर्ड'सारख्या रूपांपाशीही, 'व्हेरी' अडखळतो. "व्हेरी टायर्ड", "व्हेरी वरीड" चालतं, कारण ही रूपं आता मनाची-शरीराची अवस्था सांगणारी विशेषणंच झाली आहेत. पण ज्यांत अजून क्रिया जिवंत आहे, तिथे 'मच' हवा: "अ मच क्रिटिसाइज्ड डिसिजन", "अ मच लव्ह्ड टीचर". निर्णय अमुक स्वभावाचा आहे असं नाही, त्याच्यावर कुणीतरी टीका केली आहे. हीच चाचणी बहुतेक ठिकाणी कामी येते, सगळीकडे नाही.

'अस्लीप' आणि 'अवेक' यांचा तर स्वतंत्र संसार. गाढ झोपलेला माणूस 'व्हेरी अस्लीप' नसतो, तो "फास्ट अस्लीप" किंवा "साउंड अस्लीप" असतो, आणि टक्क जागा असलेला "वाइड अवेक". का, याला नियम नाही. जोड्या ठरून गेल्या आहेत.

संगतीनं ओळखावेत असे

व्याकरणाचे नियम इथे संपतात आणि सवयी सुरू होतात. 'हायली', 'डीपली', 'बिटरली', 'परफेक्टली', 'अटरली' या सगळ्यांचा अर्थ शब्दकोशात "अत्यंत" असाच दिसेल, पण एकाची जागा दुसऱ्यानं घेतली की वाक्य लंगडतं. 'डीपली' भावनांच्या आसपास राहतो: "डीपली ग्रेटफुल", "डीपली हर्ट". 'हायली' मूल्यमापन आणि शक्यता यांच्या: "हायली स्किल्ड", "हायली अनलाइकली". उंचीचा अर्थ पोटात असूनही 'हायली टॉल' होत नाही. 'बिटरली' निराशा आणि थंडी यांना लागतो.

'अटरली' आणि 'परफेक्टली' ही जोडी मला सगळ्यात रंजक वाटते. दोघंही "पूर्णपणे" म्हणतात. पण 'अटरली'चा ओढा वाईटाकडे: "अटरली रिडिक्युलस", "अटरली यूजलेस". कधीतरी "अटरली डिलाइटफुल" सापडतं, नाही असं नाही, पण बहुमत वाईटाचं. 'परफेक्टली'चा ओढा ठीकठाक गोष्टींकडे: "परफेक्टली क्लिअर", "परफेक्टली नॉर्मल". त्यातही "परफेक्टली गुड" हा खास नग आहे. त्याचा अर्थ "उत्कृष्ट" असा होत नाही. "वी हॅव अ परफेक्टली गुड प्रिंटर" म्हणणारा माणूस प्रिंटरचं कौतुक करत नसतो. तो नवा प्रिंटर घ्यायला विरोध करत असतो: आहे तो धडधाकट चालतोय, मग हे काय काढलंय?

'नॉट' कुठे बसला यावर सगळं

"आय डोन्ट रिअली लाइक इट" आणि "आय रिअली डोन्ट लाइक इट". शब्द तेच, फक्त 'रिअली'नं जागा बदलली. पहिल्यात 'नॉट'नं 'रिअली'लाच नकार दिला, म्हणजे आवडतं, पण तितकंसं नाही, किंवा नाही आवडत पण भांडायचं नाही. दुसऱ्यात 'रिअली'नं नकाराला जोर दिला, म्हणजे मुळीच आवडत नाही. पहिलं वाक्य भिडस्त, दुसरं दार बंद करणारं. "आय ॲम नॉट रिअली शुअर" आणि "आय ॲम रिअली नॉट शुअर" यांतही हाच फरक. "नॉट ॲब्सोल्यूटली सर्टन" म्हणणाऱ्याला थोडीशी शंका आहे, "ॲब्सोल्यूटली नॉट" म्हणणाऱ्याला शंकाच नाही. नियम एवढाच की 'नॉट'च्या उजवीकडे जोर असेल तर तो कापला जातो आणि डावीकडे असेल तर नकारच वाढतो.

"नॉट व्हेरी गुड" मात्र गणितानं चालत नाही. गणितानं त्याचा अर्थ "चांगलं आहे, पण खूप नाही" असा व्हायला हवा. प्रत्यक्षात तो "वाईट" म्हणायचा सभ्य मार्ग आहे. मराठीला हे नवं नाही. "फारसं चांगलं नाही" म्हणताना आपणही नेमकं तेच करतो, आणि 'फारसं' तर नकाराशिवाय बाहेरच पडत नाही.

हे शब्द झिजतात

जोराच्या शब्दांचं आयुष्य कमी असतं. सतत वापरले की धार जाते, मग नवा शोधावा लागतो. जुन्या इंग्रजीत हे काम 'स्विद' करायचा, त्याचा मूळ अर्थ "जोरानं". तो पार नामशेष झाला. मध्ययुगात 'फुल', 'वेल', 'राइट' पुढे आले. त्यांचे अवशेष अजून सापडतात: "आय नो फुल वेल", "वेल अवेअर", आणि ब्रिटिश मंत्र्यांच्या नावाआधी लागणारं "राइट ऑनरेबल", ज्यातला 'राइट' म्हणजे "बरोबर" नव्हे, "अत्यंत". मग पंधराव्या-सोळाव्या शतकांत 'व्हेरी'नं बाजी मारली. 'टेरिबली' आणि 'ऑफुली' यांच्यातली भीती तर इतकी उडालीय की "टेरिबली काइंड" म्हणताना कुणाला विसंगती जाणवत नाही.

प्रत्येक नव्या शब्दावर नाकं मुरडणारेही असतातच. 1754 मध्ये लॉर्ड चेस्टरफील्ड या इंग्रज उमरावानं त्या काळच्या फॅशनेबल 'वास्टली'ची खिल्ली उडवली. एका बाईनं छोटीशी सोन्याची तपकिरीची डबी 'वास्टली' सुंदर आहे, कारण ती 'वास्टली' लहान आहे, असं म्हटल्याचं तो सांगतो. आज 'वास्टली' आपला "वास्टली डिफरंट", "वास्टली सुपीरियर" अशा गंभीर संगतीत सभ्यपणे बसलेला आहे.

बदल आपल्या डोळ्यांदेखतही चाललाय. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या बोलण्याचा अभ्यास रिका इतो आणि साली टॅग्लियामोंटे या भाषाशास्त्रज्ञांनी 2003 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात वयस्क मंडळी 'व्हेरी'कडे झुकलेली आणि तरुण 'रिअली'कडे. टॅग्लियामोंटे यांनीच क्रिस रॉबर्ट्स यांच्यासोबत 2005 मध्ये 'फ्रेंड्स' या अमेरिकन मालिकेतले संवाद तपासले, तर तिथे सगळ्यात जास्त वापरलेला जोराचा शब्द निघाला 'सो', आणि तो पुरुष पात्रांपेक्षा स्त्री पात्रांच्या तोंडी जास्त. आता तर 'सो'नं विशेषणाचीही गरज सोडून दिली आहे. "आय सो नीड अ ब्रेक" इथे तो थेट क्रियापदाला चिकटला, आणि "दॅट इज सो यू" म्हणजे "हे अगदी तुझ्यासारखंच" इथे सर्वनामाला. परीक्षेच्या पेपरात हे लिहू नका. पण कुणी म्हटलं तर त्याचं इंग्रजी कच्चं आहे असंही समजू नका.